अमीबाच्या पोटातला विषाणू एवढा मोठा कशासाठी?

हौदकाठ (सोलापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. मी सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. वर्गात निघालेल्या एका प्रश्नाचे उत्तर मला धड देता आले नाही, म्हणून तो इथे मांडतो.

आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. त्यामुळे घरोघरी सिमेंटचे हौद आणि पिंपे आहेत. एका विद्यार्थ्याने घरचा हौद घासण्याआधी त्याच्या भिंतीवरचा बुळबुळीत थर औषधाच्या रिकाम्या बाटलीत खरवडून आणला. काचपट्टीवर त्याचा एक थेंब घेऊन ४५ पटीच्या भिंगाखाली पाहिला, तेव्हा आधी नुसता गाळच दिसला. पण पट्टी न हलवता दहाएक मिनिटे थांबल्यावर त्या गाळातून एक अमीबा सरकू लागला. त्याच्या कडेला काट्यांसारखे बारीक फुटवे होते आणि आत एक पोकळी सावकाश फुगत होती व मध्येच मिटून नाहीशी होत होती. मुलांनी रांग लावून तो पाहिला आणि तास तिथेच संपला.

त्या ओघात मी सांगून बसलो की, अशा अमीबांना होणारे काही विषाणू इतके मोठे असतात की ते साध्या सूक्ष्मदर्शकातूनही ठिपक्यासारखे दिसू शकतात. त्यावर एका मुलीने वही उघडून मलाच दाखवली. ‘सर, विषाणू जिवाणूंच्या गाळणीतून पार होतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत, हे तुम्हीच लिहून दिले आहे.’ एवढ्यावर मी व्याख्या जुनी असल्याचे सांगून वेळ मारून नेली. पण तिचा पुढचा प्रश्न मात्र मला सुटला नाही. विषाणूचे सगळे बळ त्याच्या लहानपणात आहे, थोडक्या सामानात तो दुसऱ्याच्या घरात शिरतो आणि तिथल्या यंत्रणेवर आपले काम करून घेतो. मग अमीबाच्या विषाणूला एवढे मोठे होण्याची गरज काय? मोठे कवच आणि मोठा जीनोम (म्हणजे संपूर्ण जनुकसंच) बनवायला जास्त सामग्री लागते, म्हणजे हा तोट्याचाच व्यवहार नाही का?

जाणकारांनी कृपया सांगावे. सिद्धेश्वर तलावाचे पाणी अधूनमधून हिरवेगार होते. त्या शैवालालाही असे महाविषाणू होत असतील का, हा आमच्या वर्गातला जोडप्रश्न आहे.

पेशीद्रव (मूळ सोलापूर, सध्या पुणे)

सर, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न ज्यांनी आयुष्य या विषाणूंवर घालवले त्यांनाही पडलेला आहे, तेव्हा तो वर्गात सुटला नाही याचे वाईट वाटून घेऊ नका. मी काही वर्षे विषाणूंच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, त्या अनुभवावर लिहिते.

आधी व्याख्येबद्दल. ‘गाळणीतून पार होणारा’ ही विषाणूची ओळख निसर्गाने ठरवलेली नाही, ती गाळणीने ठरवली आहे. शाम्बरलां यांनी १८८४ मध्ये चिनीमातीची गाळणी तयार केली, १८९२ मध्ये इव्हानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस तिच्यातून गाळला, गाळलेला रसही रोग पसरवतो असे त्यांना दिसले, आणि जिवाणूपेक्षा बारीक असे काहीतरी असले पाहिजे ही कल्पना तिथून रुजली. पुढे विषाणू शोधायचा म्हणजे नमुना ०.२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाळणीतून काढायचा, जे खाली उतरेल ते तपासायचे आणि वर राहील ते जिवाणू समजून टाकून द्यायचे, अशी रीतच पडली. महाविषाणू त्या वर राहिलेल्या गाळात होते. चाळणीत राहिलेला कोंडा कोणी निवडत बसत नाही, तसाच हा प्रकार.

पहिला महाविषाणू सापडला तोही चुकूनच. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड गावी १९९२ मध्ये न्यूमोनियाची साथ आली असताना तिथल्या एका शीतकरण मनोऱ्याच्या पाण्यातला अमीबा तपासला गेला. त्याच्या आत गोल दाणे दिसत होते आणि जिवाणू ओळखण्यासाठी वापरतात त्या ग्रॅम रंजनाने ते जांभळे होत होते, म्हणून तो एखादा गोलाणू असावा असे समजून त्याला ‘ब्रॅडफर्डकॉकस’ हे नाव मिळाले. अडचण एवढीच होती की प्रत्येक जिवाणूत सापडणारे रायबोसोमचे, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्राचे, जनुक त्याच्यात काही केल्या मिळेना. शेवटी फ्रान्समधल्या मार्सेय येथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे वीस पृष्ठांचे कवच दिसले, आणि २००३ मध्ये तो विषाणू असल्याचे जाहीर झाले. सूक्ष्मजीवाची नक्कल करणारा म्हणून त्याचे नाव मिमीव्हायरस. पुढच्या वर्षी त्याचा जीनोम वाचला गेला तो जवळपास १२ लाख बेस जोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरजोड्यांचा निघाला. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या जिवाणूचा जीनोम यापेक्षा निम्म्याहून कमी म्हणजे ५.८ लाखांचा आहे. करोनाच्या विषाणूचा ३० हजारांचा, एवढे सांगितले तरी मुलांना अंदाज येईल.

आता मूळ प्रश्न. आपल्या शरीरातल्या पेशीत शिरणारा विषाणू सहसा पेशीच्या पृष्ठभागावरचे एखादे विशिष्ट प्रथिन ओळखून आत जातो. अमीबा मात्र खाणारा जीव आहे. तो जिवाणू गिळून जगतो, आणि साधारण अर्ध्या मायक्रॉनपेक्षा मोठा कण असेल तरच तो चटकन गिळतो. मिमीव्हायरसचे कवच नेमके तेवढे, सुमारे ०.५ मायक्रॉनचे आहे. शिवाय त्याभोवती शर्करायुक्त तंतूंची दाट लव असते, ती धरून तो ०.७५ मायक्रॉनपर्यंत जातो. याचा अर्थ अमीबा त्याला ‘जिवाणू’ म्हणून खातो. कुलूप उघडण्याची किल्ली जवळ नसली तरी ताटात वाढून घेतले की आत जाता येते. म्हणून मोठे असणे हा अमीबाच्या दाराशी फायद्याचा व्यवहार ठरतो, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

आत गेल्यानंतरचा भाग मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटतो. गिळलेला कण एका पोकळीत बंद असतो आणि खरे तर तिथे तो पचून जायला हवा. परंतु मिमीव्हायरसच्या कवचाच्या एका टोकावर पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखी एक रचना असते, ती तिथे उघडते, कवचाच्या आतले पातळ आवरण पोकळीच्या भिंतीला जाऊन मिळते आणि डीएनए असलेला गाभा पेशीद्रवात उतरतो. तो केंद्रकाकडे फिरकतही नाही. पेशीद्रवातच त्याचा कारखाना उभा राहतो. काही तासांत हा कारखाना केंद्रकाएवढा दिसू लागतो, त्याच्या कडेकडेने नवी कवचे तयार होतात, त्यांत डीएनए भरला जातो आणि तोही चांदणीच्या दाराने न भरता दुसऱ्याच बाजूच्या छिद्रातून. सरतेशेवटी अमीबा फुटतो आणि शेकडो कण बाहेर पडतात.

केंद्रकाला टाळून काम करायचे म्हणजे केंद्रकातली आयती यंत्रणा वापरता येत नाही. त्यामुळे डीएनएची प्रत काढणारी आणि त्यापासून आरएनए लिहिणारी प्रथिने विषाणूला स्वतःची बाळगावी लागतात. मोठ्या जीनोमचे हे दुसरे कारण. रायबोसोम मात्र त्याच्याकडे एकही नाही, प्रथिने बनवण्यासाठी तो सर्वस्वी अमीबावर अवलंबून आहे, आणि म्हणूनच इतका मोठा असूनही तो विषाणूच.

हे सगळे परदेशातच घडते असे मुलांना वाटायला नको. आयआयटी मुंबईच्या गटाने मुंबईच्या सांडपाण्यातून मिमीव्हायरसचा एक प्रकार वेगळा करून २०१६ मध्ये त्याचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध केला, आणि २०१९ मध्ये सांडपाणी, तलाव व थेट महानगरपालिकेच्या पुरवठ्याच्या पाण्यातही महाविषाणूंच्या खुणा असल्याचे दाखवले. त्यांतल्या विषाणूंना पवई, कुर्ला, वांद्रे अशी नावे मिळाली आहेत. सोलापूरचे नाव अजून कोणाला मिळालेले नाही, एवढीच उणीव.

गाळवाळू (सोलापूर)

मी पाणी शुद्धीकरणाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. सरांच्या जोडप्रश्नापुरते लिहितो.

तलावाचे पाणी हिरवे झाले की आपण सरसकट ‘शेवाळ आले’ म्हणतो, पण माझ्या नोकरीच्या काळात उन्हाळ्यात साचलेल्या पाण्याचा थेंब तपासला की बहुतेक वेळा मायक्रोसिस्टिसचे गठ्ठे दिसत. हे ‘निळे-हिरवे शैवाल’ प्रत्यक्षात जिवाणू आहेत, त्यांच्या पेशीत केंद्रक नसते. महाविषाणूंचे आजवर माहीत असलेले यजमान सगळे केंद्रक असलेल्या पेशींचे आहेत. तेव्हा तो हिरवा रंग मायक्रोसिस्टिसचा असेल तर त्यावर पडणारे विषाणू वेगळ्या कुळातले, जिवाणूभक्षी असणार. सरांनी आधी थेंब पाहावा. पेशीत हरितलवक आणि केंद्रक स्पष्ट दिसले तरच पुढचा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

हौदाबद्दल एक सूचना. काट्यांसारखे फुटवे म्हणजे तो ॲकॅन्थअमीबा असण्याचा संभव आहे. मिमीव्हायरसचा यजमान हाच, परंतु तोच डोळ्याच्या बुबुळाला गंभीर संसर्गही करतो, विशेषतः कॉन्टॅक्ट लेन्स साध्या पाण्याने धुणाऱ्यांना. पाणी आटले किंवा औषध पडले की तो दुहेरी भिंतीच्या कोषात जाऊन बसतो आणि नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. त्यामुळे क्लोरीन टाकूनही हौद घासावा लागतो, कारण अमीबा पाण्यात कमी आणि भिंतीवरच्या थरात जास्त असतो. मुलांनी नमुना हाताळल्यावर हात धुवावेत, डोळ्याला हात लावू नये आणि अमीबाची वाढ वर्गात करू नये.

शंकासूर

पेशीद्रव ताईंचे विवेचन सुरेख आहे, मात्र ‘अमीबाने गिळावे म्हणून मोठा’ या उत्तरावर समाधान मानू नये, असे मला वाटते. मी या विषयाचा केवळ वाचक आहे, तरी तीन गोष्टी अडतात.

पहिली अशी की, कवचाचे आकारमान आणि जीनोमचे आकारमान एकमेकांबरोबर वाढत नाहीत. सायबेरियाच्या ३० हजार वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीतून २०१४ मध्ये जिवंत केलेला पिथोव्हायरस दीड मायक्रॉन लांब आहे, म्हणजे मिमीव्हायरसच्या कवचाच्या तिप्पट. पण त्याचा जीनोम केवळ ६.१ लाख बेस जोड्यांचा, मिमीव्हायरसच्या जेमतेम निम्मा. गिळले जाण्यासाठी मोठा देह हवा हे मान्य केले तरी त्या देहात एवढी जनुके भरायची सक्ती कुठून आली, हे त्यातून कळत नाही. पोते मोठे आहे म्हणून ते भरलेच पाहिजे असे थोडेच आहे?

दुसरी गोष्ट पँडोराव्हायरसची. २०१३ मध्ये चिलीच्या किनाऱ्यावरून आणि ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नजवळच्या एका तळ्यातून असे दोन विषाणू मिळाले, त्यांतल्या मोठ्याचा जीनोम सुमारे २५ लाखांचा आहे. त्याच्या संसर्गात अमीबाच्या केंद्रकाची घडीच विस्कटते आणि केंद्रकातली सामग्री त्याच्या कामी येते असे मानले जाते. केंद्रकाला टाळल्यामुळे जीनोम वाढतो हे कारण खरे असेल, तर केंद्रकाचा वापर करणाऱ्याचा जीनोम लहान असायला हवा होता. इथे तर तो सर्वांत मोठ्यांपैकी आहे.

तिसरी गोष्ट शैवालाची, आणि ती गाळवाळूकाकांच्या मुद्द्याला जोडून आहे. क्लोरेला हे केंद्रक असलेले खरे हिरवे शैवाल. त्याला कठीण पेशीभित्तिका असते, ते काहीही गिळत नाही. तरीही त्याच्या विषाणूचा जीनोम ३.३ लाखांचा आहे. तो विषाणू भित्तिकेला चिकटतो, तिला भोक पाडतो आणि डीएनए आत सोडतो, अगदी जिवाणूभक्षी विषाणूंच्या थाटात. इथे ‘जेवण म्हणून आत जाणे’ हा प्रकारच नाही.

पेशीद्रव

शंकासूर, आक्षेप रास्त आहेत, आणि माझ्या पहिल्या उत्तरात मी देहाचे मोठेपण आणि जीनोमचे मोठेपण एकाच दावणीला बांधले, ही चूक मला मान्य आहे. ती दोन वेगळी कोडी आहेत.

देहाबद्दल गिळले जाण्याचे कारण अमीबाच्या विषाणूंपुरते मला अजूनही पटते. जीनोमबद्दल मात्र ‘गरज काय’ असे विचारण्यापेक्षा ‘ही जनुके आली कुठून’ असे विचारल्यावर वाट अधिक दिसते. मिमीव्हायरसमध्ये प्रथिनांचा घटक असलेले अमिनो आम्ल ते वाहून नेणाऱ्या टीआरएनएला जोडणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) चार जनुके मिळाली तेव्हा मोठी खळबळ उडाली होती, कारण प्रथिने बनवण्याच्या यंत्रणेतला हा भाग फक्त पेशींकडे असतो अशी समजूत होती. मग काहींनी मांडले की हे विषाणू एखाद्या लुप्त झालेल्या, पेशी असलेल्या पूर्वजाचे झिजलेले वंशज आहेत, सजीवांच्या तीन अधिक्षेत्रांखेरीज (जिवाणू, आर्किया आणि केंद्रकयुक्त जीव) चौथे अधिक्षेत्र आहेत. २०१८ मध्ये ब्राझीलमधल्या क्षारयुक्त तळ्यांतून आणि समुद्राच्या तळातून टुपानव्हायरस आला. त्याला शेपूट आहे आणि त्याच्याकडे अशी विकरे वीसही अमिनो आम्लांसाठी आहेत.

परंतु त्याच्या आदल्या वर्षी ऑस्ट्रियातल्या क्लोस्टरनॉयबुर्ग येथील सांडपाणी प्रकल्पातून मिळालेल्या क्लोसन्यूव्हायरसच्या जनुकांची वंशावळ पाहिली तेव्हा ती एकाच पूर्वजाकडून आलेली दिसली नाहीत. निरनिराळ्या यजमानांकडून, निरनिराळ्या काळी, एकेक करून उचललेली दिसली. झिजून लहान होत गेलेल्या महालापेक्षा लहान घराला खोल्या जोडत गेल्याचे ते चित्र आहे. मला हेच अधिक खरे वाटते. अमीबाच्या पोटात रोज नाना जातींचे जिवाणू पचतात, त्यांचे डीएनए मोकळे होतात, काही जिवाणू न पचता आत मुक्कामही करतात. असा यजमान म्हणजे जनुकांचा बाजारच. पेशीद्रवात कारखाना मांडून बसलेल्या विषाणूच्या हाती त्या बाजारातले काही लागत राहणार आणि मोठ्या कवचात जागा असेल तर ते टिकूनही राहणार. याउलट पिथोव्हायरसचे देहात जागा असूनही जीनोम आटोपशीर राहिलेले उदाहरण दाखवते की ही वाढ सक्तीची नाही. काही वंशांत जनुके वाढतात, पुन्हा गळतात.

पँडोराव्हायरस या हिशेबातही नीट बसत नाही, हेही खरे आहे. त्याच्या सुमारे अडीच हजार जनुकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जनुकांसारखे दुसरीकडे काहीच आढळले नव्हते. उचलेगिरी म्हणावी तर मालकच सापडत नाही. त्याच्या शोधकांनी २०१८ मध्ये असे सुचवले की त्यातली बरीच जनुके जीनोमच्या निरर्थक पट्ट्यांतून नव्यानेच घडत असावीत.

यजमानाच्या बाजूचेही थोडे सांगायला हवे, नाहीतर अमीबा बिचारा नुसता मार खाणारा वाटेल. पॅरिसच्या एका शीतकरण मनोऱ्यातून मिळालेल्या मिमीव्हायरसच्या मोठ्या भावंडाबरोबर २००८ मध्ये स्पुटनिक नावाचा इवलासा विषाणू सापडला, अवघ्या ५० नॅनोमीटरचा आणि २१ जनुकांचा. तो एकट्याने अमीबात वाढू शकत नाही. महाविषाणूने कारखाना मांडला की त्यात घुसून आपली पैदास करतो, आणि त्याच्यामुळे महाविषाणूची कवचे वेडीवाकडी होऊन संसर्गक्षम कणांचे उत्पादन सुमारे ७० टक्क्यांनी घटते. समुद्रातल्या कॅफेटेरिया या कशाभिकायुक्त आदिजीवात तर याच प्रकारचा माव्हायरस यजमानाच्या जीनोममध्येच जाऊन बसतो. महाविषाणूचा हल्ला झाला की तो जागा होतो. हल्ला झालेली पेशी मरतेच, पण ती फुटताना माव्हायरसचे कण बाहेर टाकते आणि शेजारच्या पेशी वाचतात.

शैवालाच्या बाबतीत काका म्हणतात तसे आधी केंद्रक पाहावे. खऱ्या शैवालावर महाविषाणूंचा प्रभाव किती असतो याचे उत्तम उदाहरण एमिलियानिया हक्सलेयी हे समुद्री शैवाल आहे. त्याच्या चुनखडीच्या चकत्यांमुळे समुद्राचा पृष्ठभाग उपग्रहातून दुधाळ दिसण्याइतका बहर येतो, आणि तो बहर ओसरतो त्यात त्याच्या महाविषाणूचा मोठा हात असतो.

हौदकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गाळवाळूकाकांच्या सांगण्याप्रमाणे काल सकाळी तलावाचे पाणी आणून पाहिले. आमच्या थेंबात तरी बारीक ठिपक्यांचे चिकट गठ्ठेच होते, केंद्रक कुठेच दिसले नाही, तेव्हा तो जोडप्रश्न मी वर्गात मागे घेतला. अमीबाची वाढ करण्याचा बेत होता, तोही रद्द केला आहे.

त्याऐवजी मैदानावर चुन्याने आकृती काढली. एक मायक्रॉन म्हणजे एक मीटर असे प्रमाण धरले. अमीबा २५ मीटरचा झाला, त्याच्या काठावरून मुले चालत गेली. ई. कोलाय जिवाणू दोन मीटरचा म्हणून आमच्या शिपाईकाकांनी घरून आणलेली चादर लांबीत दुमडून ठेवली, ती जवळजवळ बरोबर बसली. मिमीव्हायरस लवेसकट पाऊण मीटरचा, पँडोराव्हायरस एक मीटरचा, पिथोव्हायरस दीड मीटरचा असे काढले. करोनाच्या विषाणूसाठी दहा सेंटिमीटरची वाटी पालथी घातली आणि पोलिओच्या विषाणूसाठी तीन सेंटिमीटरचे लिंबू ठेवले. मूळ प्रश्न विचारणारी मुलगी चादरीच्या शेजारी मिमीव्हायरस पाहून म्हणाली की, अमीबाची चूक नाही, अंधारात तिनेही तो गिळला असता. शंकासुरांचा पिथोव्हायरसचा आक्षेप मी तिला सांगितला आहे. त्यावर तिने वहीतली जुनी व्याख्या खोडली नाही, तिच्यासमोर ‘१८९२ ची गाळणी’ एवढेच लिहिले.